मी वाचलेलं, त्याने पाहिलेलं

बाबांच्या तेराव्याला आत्याने दोन नियम सांगितले. वर्षभर घरात सण नाही, नाटक-सिनेमा नाही. आणि मुलीचं लग्न करायचं असेल तर वर्षाच्या आत उरका, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबावं लागेल. म्हणजे मला लग्न करायची परवानगी होती, पण लग्नावरचा सिनेमा बघायची नव्हती. एरवी मी आत्याशी हुज्जत घातली असती. माझं तोंड गप्प बसणाऱ्यातलं नाही. त्या दिवशी मी पंगतीत मीठ वाढत होते, ते वाढत राहिले.

मला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. मार्च महिन्यात एका सकाळी बाबा दाढी करता करता खाली बसले आणि गेले. गालाला साबण तसाच होता. मी तो पुसला, डॉक्टरांना बोलावलं, काकांना फोन करायला खालच्या दुकानात गेले, चुलतभावंडांसाठी चहा टाकला. रडले नाही. डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, पोरगी धीराची आहे. धीर कसला? आतलं दुकान बंद होतं, एवढंच.

तेरावं झाल्यावर मी कामावर गेले. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी हिशेब लिहायचे. बेरजा बरोबर येत होत्या. डबा खात होते. आई संध्याकाळी दिवा लावून बाबांच्या फोटोसमोर बसायची आणि मी तिच्या शेजारी बसून भाजी निवडायची. असेच पावसाळ्याचे महिने गेले, आणि मग काकांना वर्षाची आठवण झाली.

काकांनी वधूवर सूचक मंडळातून स्थळ आणलं. मुलगा ठाण्याचा, खोपटला एसटी डेपोच्या मागे राहणारा, बाळकुमकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. वडील नाहीत, आई आहे. ती दोघं आमच्याकडे येऊन मला बघून गेली. मुलगा कमी बोलला. त्याची आई माझ्याकडे कमी आणि भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे जास्त बघत होती, ते काही मला आवडलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा होकार आला. मग सगळे माझ्याकडे वळले.

"मुलगा निर्व्यसनी, घर आपल्यासारखं, पगार बरा," काका म्हणाले. "मग घोडं पेंड कुठं खातंय?"

घोडं पेंड इथे खात होतं की बाबांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. मी हे काकांना बोलले नाही, कारण ते ओरडले असते. पण रात्रंदिवस डोक्यात तेवढंच एक होतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला मतच नव्हतं. तो मुलगा मला आवडलाही नव्हता, नावडलाही नव्हता. त्या वर्षी मला गुलाबजाम आणि कारलं सारखंच लागत होतं, तर नवरा काय कळणार? अशा वेळी माणूस कुणाच्या तरी नजरेवर भिस्त ठेवतो, आणि ज्याच्या नजरेवर मी ठेवली असती तो माणूस फोटोत होता. बाबांनी न बघितलेल्या माणसाबरोबर मी जन्म काढायचा, हा विचार मला भयंकर वाटायला हवा होता. तोही फक्त चुकीचा वाटत होता, न जुळलेल्या बेरजेइतका.

मी काकांना म्हटलं, मला दोन-तीनदा भेटू दे, मग सांगते. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मुलाकडच्यांची हरकत नव्हती. मी ऑफिस सुटल्यावर तलावपाळीला, तळ्याच्या काठी जायचे, तो कारखान्यातून सायकलने यायचा.

पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर सिनेमा बघूया का? मराठी आहे. विनोदी. सगळे बोलतायत, फार मजा आहे म्हणून."

मी त्याला आत्याचा नियम सांगितला. त्यावर तो हसला नाही, "हल्ली कोण पाळतं" असंही म्हणाला नाही. मग म्हणाला, "पुस्तक वाचायला बंदी नाही ना?"

"आत्या पुस्तकाबद्दल काही बोललेली नाही."

"मग झालं तर. तो सिनेमा कादंबरीवरनं काढलाय. तुम्ही कादंबरी वाचा, मी सिनेमा बघतो. मग आपण बोलू."

लग्नाआधी गृहपाठ देणारा नवरा मी ऐकला नव्हता. पण बोलायला दुसरा विषय तरी कुठे होता! मी बरं म्हटलं.

आमच्या वाचनालयात त्या कादंबरीला नंबर लागले होते. एरवी वर्षानुवर्षं फळीवर धूळ खात पडलेलं पुस्तक, सिनेमा आला की सगळ्यांना आठवतं. तिथल्या बाई बाबांना ओळखत होत्या. त्यांनी माझा नंबर गुपचूप वर घेतला आणि पुस्तक हातात देताना म्हणाल्या, "घेऊन जा गं. हसून हसून पुरेवाट होईल. तुला जरा बरं वाटेल."

पुस्तकाला जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग होतं आणि आधीच्या कुणी रसिकाने समासात पेन्सिलीने जागोजाग "हा हा हा" लिहून ठेवलं होतं. मला त्याचा उपयोग झाला. मी वाचत जायची, "हा हा हा" आलं की कळायचं, इथे हसायचं असतं. मागे जाऊन पुन्हा वाचायची. हो, गमतीचं होतं खरं. हसू येत नव्हतं.

गोष्ट साधी होती. एका ज्योतिषाच्या टेबलावर दोन पत्रिकांची अदलाबदल होते, त्यामुळे ज्यांचं जमायला नको त्यांचं जमतं, आणि चूक कळेपर्यंत दोघं एकमेकांच्या प्रेमात पडलेली असतात. भांडणं, रुसवे, चुकीच्या घरी गेलेला हार, शेवटी अक्षता. नायिका फटकळ होती, नायक बावळट. ती दोघं माझ्यासाठी कागदावरच राहिली. पण नायिकेचे वडील होते. ते मुलीसाठी स्थळ बघायला गेले की आधी त्या घरातला नळ सोडून बघायचे. पाणी किती वेळ येतं, किती धारेने येतं, वरच्या मजल्यावर चढतं का. मुलाचा पगार मागाहून. "पगार वाढतो, पाण्याचा दाब वाढत नाही," असं त्यांचं म्हणणं. तिथे तर पेन्सिलवाल्याने पानभर हाहाकार माजवला होता. ती पानं मी तीन-चारदा वाचली. आमच्या बाबांनी नळ सोडला नसता, पण दुसरं काहीतरी असंच केलं असतं. काय केलं असतं ते मला सुचेना. आपल्या वडिलांनी काय केलं असतं हेही आपल्याला सांगता येत नाही, याचं मला त्या रात्री थोडं वाईट वाटलं. थोडंच.

पुढच्या भेटीला आम्ही तलावपाळीच्या बाकावर भेळ घेऊन बसलो आणि मी कादंबरी सांगितली, त्याने सिनेमा सांगितला. पुस्तकात पत्रिका वाऱ्याने उडतात, सिनेमात ज्योतिषाचं मांजर त्यांच्यावर उडी मारतं. पुस्तकात नायिका शिवणाचे क्लास घेते, सिनेमात गाण्याचे, कारण मग गाणी घालता येतात. शेवटी पुस्तकात पाऊस नाही, सिनेमात आहे. तो मन लावून सांगत होता, मी हिशेब तपासावा तशी ऐकत होते. हे जुळलं, हे नाही जुळलं. मग मी पुन्हा विचारलं, "आणि वडील? नायिकेचे वडील कसे दाखवलेत?"

तो भेळेतला दाणा शोधत बसला.

"तुम्ही मघापासून तिसऱ्यांदा विचारताय वडिलांचं," तो म्हणाला.

"पुस्तकात तेच तेवढे जिवंत आहेत. बाकीचे सगळे संवाद पाठ करून आलेत."

त्याने भेळेचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाला, "वडिलांचा एक सीन आहे. सांगू?"

आणि त्याने सांगितला. वडील एका रविवारी सकाळी कुणालाही न सांगता एकटेच मुलाचं घर बघायला जातात. बिल्डिंग सापडते, दारावरचं आडनावही बरोबर, पण मजला चुकतो. एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं, एक खाली, एक वर. खालच्या घरात एक म्हाताऱ्या आजी एकट्याच. त्या म्हणतात, या, बसा. पोहे झालेलेच असतात, त्या बशी भरून पुढे ठेवतात. वडील पोहे खातात, तारीफ करतात, आणि रुमालाला हात पुसून मुद्द्यावर येतात. "मुलगा काय करतो?"

आजी म्हणतात, "रिटायर झाला की गेल्या महिन्यात."

वडिलांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. ते मान डोलावतात आणि म्हणतात, "वा. म्हणजे पेन्शन आहे."

मला हसू फुटलं. तोंडात भेळ होती, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. शेजारच्या बाकावरचे आजोबा वळून बघायला लागले. तो घाबरून पाणी आणायला धावला. आला तरी मी हसतच होते. मग त्याने शेवटचा भाग सांगितला, की चूक कळल्यावर वडील वरच्या मजल्यावर खऱ्या घरी जातात आणि पोहे पुढे आले की हात जोडून म्हणतात, "नको, खाली झाले." मी पुन्हा हसले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. हसून झाल्यावर आधी लाज वाटली, मग सपाटून भूक लागली, आणि मी त्याच्या वाटची भेळही संपवली.

"पुस्तकात हे नाहीये," मी म्हटलं.

"सिनेमात घातलंय," तो म्हणाला.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "चालेल." आई म्हणाली, नक्की काय ते सांग. मी म्हटलं, नक्की वगैरे मला काही कळत नाही, पण चालेल. बाबांनी बघितलेला नाही ही बेरीज तशीच चुकलेली राहिली. पण ज्याने सांगितलेल्या गोष्टीवर मला हसू आलं असा त्या वर्षात तो एकच माणूस होता, आणि तेवढ्यावर मी लग्न केलं. लोक याहून कमी गोष्टींवर करतात.

माघात लग्न झालं, वर्षाच्या आत, बँड न लावता. निघताना सगळ्या बायका रडल्या, मी नाही. तोवर सासरच्यांनी खोपटची जुनी जागा सोडून नौपाड्यात ब्लॉक घेतला होता, तिथे मी आले. वर्ष संपलं, आत्याचा नियम सुटला, पण तोवर सिनेमा थिएटरमधून गेला होता. व्हीसीआर भाड्याने आणून बघूया म्हटलं की नवऱ्याला काहीतरी निघायचं. कॅसेट मिळत नाही. प्रिंट खराब आहे. लाइटचा भरवसा नाही.

मी मात्र तो प्रसंग सांगत सुटले. ऑफिसात, हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत. सिनेमा पुस्तकाची वाट लावतात असं कुणी म्हणालं की मी सरसावून म्हणायची, अहो, असं काही नाही, त्या अमक्या कादंबरीचा बघा, त्यात वडिलांचा एक सीन आहे, तो पुस्तकातही नाही. लोक पोट धरून हसायचे. कुणी म्हणायचं, आम्हाला कसा आठवत नाही? पण ऑफिसातल्या एक बाई शपथेवर म्हणाल्या की तो सीन त्यांनी थिएटरमध्ये पाहिलाय आणि आजींचं काम फार छान झालंय.

नव्वद साल उलटून गेलं होतं. एका रविवारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. मी सकाळपासून घरात दवंडी पिटली. स्वयंपाक लवकर उरकला. सासूबाई मेथीची जुडी घेऊन टीव्हीसमोर बसल्या. नवरा म्हणाला, मी जरा सायकलचं बघून येतो. मी त्याला हाताला धरून बसवलं.

सिनेमा सुरू झाला. नायिका देवापुढे दिवा लावते आणि मग भिंतीवरच्या एका फोटोला नमस्कार करते. फोटोला चंदनाचा हार.

"वडील वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"छे हो, आजोबा असतील," मी म्हटलं. "वडील पुढे आहेत. तुम्ही बघाच."

तेवढ्यात नायिका फोटोला म्हणाली, "बाबा, आज मला बघायला येणार आहेत."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने पेपर तोंडासमोर धरला होता.

"अहो," मी म्हटलं, "तो सीन?"

"कुठला सीन गं?" सासूबाईंनी विचारलं. एवढ्या लोकांना सांगितलेला तो प्रसंग नेमका त्यांच्यासमोर कधी निघाला नव्हता. मी सांगायला लागले. वडील एकटेच घर बघायला जातात, मजला चुकतो, आजी पोहे देतात, हे विचारतात मुलगा काय करतो. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचे हात मेथीत थांबले.

"तू हिला सांगितलंस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"सिनेमातलं म्हणून सांगितलं," पेपरामागून तो म्हणाला.

मग सासूबाईंनी हात पदराला पुसले. "अगं, ते तुझे वडील होते," त्या म्हणाल्या. "आमच्या खोपटच्या घरी आले होते. मंडळातनं पत्ता घेऊन, एकटेच. घरी कुणाला बोललो नाही म्हणाले. आधीचं कुठलंसं स्थळ मोडलं, तेव्हा बायकोनं फार मनाला लावून घेतलं, म्हणून आधी मीच बघून जातो म्हणाले. खालच्या आजी त्या दिवशी हे सगळं हसत सांगत वर आल्या. आणि चारेक दिवसांनी मंडळातनं कळलं, ते गेले. पुढे तुझे काका आले ते तुमचं तेच आडनाव, डोंबिवलीचा तोच पत्ता सांगत. मी ह्याला शपथ घातली. म्हटलं, तोंडातनं शब्द काढायचा नाही. आमच्या घरचं पाणी पिऊन गेले आणि आठवड्यात असं झालं, हे तुझ्या आत्यानं ऐकलं असतं तर काय म्हणाली असती? पायगुण म्हणाली असती. मोडलंच असतं."

मला आधी राग आला. एवढा की टीव्ही बंद करायला उठले आणि बटण सापडेना.

"आणि लग्नानंतर? एवढ्या वर्षांत एकदा सांगता आलं नाही?"

"आधी आईची शपथ होती," तो म्हणाला. "मग तू तो सीन अख्ख्या ठाण्याला सांगून बसलीस. तुझ्या ऑफिसातल्या बाईंनी तर तो थिएटरात बघितला पण होता. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

मी खाली बसले. टीव्हीवर ज्योतिषाचं मांजर उडी मारत होतं.

"तुम्हाला काय विचारलं त्यांनी?"

"मला? काही नाही. कामावर कसा जातोस विचारलं. सायकलने म्हटलं. चढ लागतो का विचारलं. मी म्हटलं, जाताना लागतो. मग पाणी मागून प्यायले."

"मीच म्हटलं, मग पुढचं कसं करायचं," सासूबाई म्हणाल्या. "पत्रिका देऊ का? तर म्हणाले, मला मुलगा पसंत आहे. पण माझ्या पसंतीवर काही ठरवू नका. मुलीला विचारतो आणि कळवतो. मला तर तेव्हा जरा रागच आला बाई. मुलीला काय विचारायचं, म्हटलं. तीन-चार दिवस वाट बघितली आम्ही."

मग मी रडले. सासूबाईंच्या मेथीच्या ढिगात डोकं खुपसून, मोठ्याने, शेजारी दार उघडून बघतील इतकं. नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला की वाढवला, आठवत नाही. त्या वर्षात मला सगळ्यांनी काय करायचं ते सांगितलं होतं. आत्याने, काकांनी, आईनेसुद्धा. कुणी विचारलं नव्हतं. बाबा विचारणार होते.

रविवारपासून त्यांना चार दिवस मिळाले होते. चार संध्याकाळी ते योग्य वेळ बघत बसले असणार. पण आमच्या ऑफिसात मार्च एंडिंग चालू होतं. मी रोज, रविवारीसुद्धा, उशिरा येत होते, आणि उभ्या उभ्या जेवून झोपत होते.